आधी दुखणं शोधा, मग शिडी लावा: कोकणातल्या घराची दुरुस्ती आपण कुठवर करावी

दोन फुटकी कौलं बदलायला म्हणून मी छपरावर चढलो आणि उतरलो तेव्हा फुटक्या कौलांचा आकडा अकरावर गेला होता. मुंबईतली नोकरी संपवून दापोली तालुक्यातल्या घरी कायमचं राहायला आलो, त्याला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. खाली उभे असलेले शेजारचे तात्या म्हणाले, "भाऊ, आता उतरा. जेवढं छप्पर शिल्लक आहे तेवढं राहू द्या." पुढचे तीन आठवडे छपराचा गडी मिळाला नाही. मे महिना होता, सगळे आंब्याच्या पेट्या भरण्यात गुंतलेले. पहिला पाऊस आला तेव्हा माजघरात एक ताडपत्री, दोन बादल्या आणि आईचा अबोला, एवढं सगळं होतं.

त्यातून शहाणा होऊन मी उलट्या टोकाला गेलो. खिळासुद्धा कारागिराकडून. न्हाणीघरातला नळ ठिबकायला लागला तेव्हा प्लंबरला फोन केला. "उद्या येतो" असं तो एकोणीस दिवस म्हणत होता. विसाव्या दिवशी आला, अख्खा नळ बदलला, पैसे घेऊन गेला. दोन महिन्यांनी नवा नळ त्याच लयीत ठिबकू लागला. टाकीच्या तळाशी बोटभर रेती साचली होती आणि तीच प्रत्येक नळाचं रबर खात होती. प्लंबरला मी सांगितलं होतं "नळ गळतो, बघा", आणि त्याने तेवढंच बघितलं.

दोन्ही वेळा घोळ एकच होता. दुखणं नेमकं कुठे आहे ते कळायच्या आत हत्यार उचललं गेलं. आता माझा नियम ठरलेला आहे: हत्यार कोणाचंही असो, दुखणं शोधायचं काम घरमालकाचं. कारागीर तासाभरासाठी येतो, आपण त्या घरात चोवीस तास असतो. पाणी कधी गळतं, वारा कुठल्या बाजूचा असला की गळतं, कुठलं बटण दाबलं की वीज जाते, हे त्याला कसं कळणार?

पहिली पायरी: कामाचं पंचांग

कोकणात "कोण करणार" याच्याही आधी "कधी करणार" हा प्रश्न येतो. माणसं आहेत, पण ती वर्षभर मोकळी नसतात. मार्चपासून मे अखेरपर्यंत आंबा-काजू. त्याच्या मध्येच शिमगा. पालखी घरोघर फिरत असताना एकही मिस्त्री कामाला हात लावत नाही, आणि लावावा अशी अपेक्षाही करू नये. मे महिन्यात ज्याला त्याला पावसाच्या आधी छप्पर हवं असतं. जून-जुलैत लावणी. गणपतीच्या आधी पंधरा दिवस रंगारी आणि वायरमन चाकरमान्यांच्या घरांत अडकलेले. मग भातकापणी.

उरतात डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीचे पहिले दोन-तीन आठवडे. छपराची, गवंड्याची, सुताराची मोठी कामं याच दिवसांत बसवा. लाकूड सुकलेलं असतं, विहिरीला पाणी असतं, कारागीर दोन दिवस जास्त द्यायला तयार असतो. गळती दिसते जुलैत आणि काम होतं जानेवारीत, म्हणून जुलैतलं दुखणं जानेवारीपर्यंत लक्षात राहिलं पाहिजे. त्यासाठी एक वही करा. मी जुनी शंभर पानी वही वापरतो, भिंतीला दोऱ्याने टांगलेली. मोबाइलमध्ये लिहिलेलं मला कधीच परत सापडलेलं नाही.

दुसरी पायरी: दुखणं शोधणं

इथे मी छपराचंच उदाहरण घेतो, कारण जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोकणात सरासरी २,८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बाकीची बहुतेक दुखणी या पाण्यातूनच जन्माला येतात.

जिथे थेंब पडतो तिथे कौल फुटलेलं असेलच असं नाही. बहुधा नसतंच. पाणी फुटक्या कौलातून रिपेवर, म्हणजे कौलाखालच्या आडव्या पट्टीवर येतं, रिपेवरून उतरत्या वाशावर, वाशाच्या पोटाखालून उतरत उतरत एखाद्या गाठीशी अडतं आणि तिथे टपकतं. म्हणजे फट नेहमी थेंबाच्या वर, आढ्याच्या, म्हणजे छपराच्या माथ्याच्या दिशेला असते. कधी हातभर, कधी दोन-तीन वावही. पाऊस चालू असताना टॉर्च घेऊन वाशाचं पोट बघा. ओल जिथे सुरू होते तिथे बांबूच्या टोकाला खडू बांधून खूण करा. बादली नंतर ठेवा, आधी खूण, कारण उघडीप पडली की तासाभरात वासा सुकतो आणि पुरावा जातो.

मग उन्हाच्या एखाद्या दिवशी, भर दुपारी, खोलीची दारं-खिडक्या लावून अंधार करा आणि खुणेच्या वरच्या भागात बघत बसा. सरकलेल्या किंवा तुटलेल्या कौलातून उजेडाचा ठिपका दिसतो. केसाएवढी चीर असेल तर ठिपका दिसत नाही, पण त्या कौलाच्या खालच्या अंगाला काळपट किंवा हिरवट डाग असतो. कौल सापडलं की आतूनच मोजा: छपराचं पाखं (उतरती बाजू) कुठलं, पागोळीकडून म्हणजे छपराच्या खालच्या कडेकडून कितवी ओळ आणि कुडाच्या भिंतीकडून कितवं कौल. माझ्या वहीतली नोंद अशी आहे: "पश्चिमेचं पाखं, खालून नववी, भिंतीपासून सहावं. चीर. १४ जुलै." जानेवारीत गडी आला तेव्हा त्याने वर जाऊन मोजलं, कौल उचललं, दुसरं बसवलं. वीस मिनिटं. आधीच्या वर्षी याच गळतीसाठी तो अर्धा दिवस छपरावर चाचपडत फिरला होता आणि त्या फिरण्यात आणखी तीन फुटली होती.

कौल का फुटलं तेही लिहा. माकडांच्या उड्या, माडावरून पडलेली झावळ, आढ्यावरच्या कोनकौलांचं उललेलं सिमेंट, दोन पाखी मिळतात तिथल्या पन्हळीत तुंबलेला पालापाचोळा, ही नेहमीची कारणं. पन्हळ तुंबली असेल तर कौलं कितीही बदला, पाणी उलटं चढून आत येणारच. माकडांवर मात्र माझ्याकडे उपाय नाही. कोणाकडे असेल असं वाटत नाही.

भर पावसात गळायला लागलं तर आतून काठीने कौल हलकेच वर सरकवून तात्पुरतं बसवता येतं. हे आपल्या आज्या करत आल्या आहेत. तेवढं करा आणि खाली बसा. शेवाळलेल्या ओल्या कौलांवर पाय ठेवू नका, जन्मभर छपरावर काढलेले गडीही ठेवत नाहीत.

तिसरी पायरी: आपलं काम की कारागिराचं

यासाठी मी चार प्रश्न विचारतो. पडलो तर काय? शॉक बसला तर काय? या कामावर घराचा भार आहे का? या तिघांतल्या एकाचंही उत्तर वाईट असेल तर काम माझं नाही, मग ते कितीही सोपं दिसो. उंचीवरचं छप्पर, मीटर आणि मुख्य बोर्ड, खांब, तुळई, स्लॅब, गॅसची नळी आणि रेग्युलेटर, ही कामं मी मनातूनच काढून टाकली आहेत.

चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही आणि फजिती तिथेच होते: काम अर्धवट राहिलं तर आज रात्री घर चालेल का? कपाटाची बिजागरी अर्धवट सोडली तर आठवडाभर दार भिंतीला टेकवून ठेवता येतं. टाकीतून येणाऱ्या मुख्य पाइपावर शनिवारी दुपारी करवत चालवली आणि हवा तो जोड घरात सापडला नाही, तर रविवार बिनपाण्याचा. आमच्याकडे हार्डवेअरचं दुकान चौदा किलोमीटरवर आहे, दुपारी एक ते चार बंद असतं, आणि परतीची एसटी साडेपाचला. शहरातला माणूस काम करता करता तीनदा दुकानात जाऊन येतो. इथे एकच फेरी मिळते. म्हणून खोलायच्या आधी सगळा माल हातात हवा, आणि काम सकाळीच सुरू करायचं. संध्याकाळी सुरू केलेली दुरुस्ती मी एकदाही त्याच दिवशी संपवलेली नाही.

घरात काय असावं

फार नाही. चांगला टेस्टर, पक्कड, चपटा आणि फुलीचा पेचकस, दहा इंची पाइप पाना आणि एक स्क्रू पाना, कारण पाईपकामाला नेहमी दोन पाने लागतात. ते का ते पुढे येईल. हातोडी, हॅकसॉ, मोजपट्टी, डोक्याला लावायचा टॉर्च. माल म्हणून टेफ्लॉन टेप, अर्ध्या इंचाची चार-पाच वॉशरं, एक जादा नळ, एम-सील, इन्शुलेशन टेप.

खाऱ्या वाऱ्याची इथे वेगळी गोष्ट आहे. साधे काळे स्क्रू दोन पावसाळ्यांत असे गंजतात की पेचकस लावला की डोकंच निघून येतं. समुद्राच्या बाजूला पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या. स्टेनलेसमध्येही ३०४ नंबरच्या मालावर समुद्राकाठी तपकिरी डाग चढतात. ३१६ नंबरच्या मालात मॉलिब्डेनम असल्याने तो जास्त टिकतो, पण गावात मिळत नाही आणि महागही पडतो. घर अगदी पुळणीला लागून असेल तरच त्याच्या मागे लागा. हत्यारांना शिलाई मशीनच्या तेलाचं बोट लावून ठेवत जा. मी पहिल्या वर्षी खोबरेल लावलं होतं. थंडीत ते थिजलं, वर धूळ बसली आणि पक्कड उघडेना.

आणि घराच्या मागे, पागोळीखाली नाही, पन्नासेक कौलं रचून ठेवा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे घरंच्या घरं उघडी पडली आणि त्यानंतर पैसे देऊनही कौलं मिळेनात. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे मंगलोरी कौलं लागतात, यावरून हिशेब करा. दुकानात जाताना जुनं कौल बरोबर न्या. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला पहिला कारखाना काढला, त्यानंतर असे किती तरी कारखाने झाले आणि प्रत्येकाच्या साच्यात थोडा फरक राहिला. एकाची खाच दुसऱ्याच्या कौलात बसत नाही, आणि न बसलेल्या खाचेतून पाणी आत येतंच. कौल उलटं केलं की पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं सापडतं.

आपल्या हातची कामं: नळ

ठिबकणारा नळ हे सुरुवातीला शिकायला चांगलं काम. आधी टाकीची चावी बंद होते का ते बघा. वर्षानुवर्षं न फिरवलेली चावी जाम झालेली असते. जोर लावून एका झटक्यात फिरवू नका. आतला दांडा तुटला तर पाणी कायमचं चालू किंवा कायमचं बंद. थोडी इकडे, थोडी तिकडे, असं करत मोकळी करा. नाहीच झाली तर थांबा. तुमचं काम आता नळाचं राहिलं नाही, चावीचं झालं, आणि ते प्लंबरचं आहे.

चावी बंद झाली की खालचा नळ उघडून पाइप रिकामा करा. जुन्या पद्धतीच्या, चार फेरे फिरणाऱ्या नळात वरचं डोकं पान्याने सोडवलं की खाली दांड्याच्या टोकाला रबरी वॉशर दिसतं. त्यावर गोल खाच पडलेली असेल तर वॉशर बदला. वॉशर जिथे टेकतं ते पितळी तोंड बोटाने चाचपा; खडबडीत लागलं तर नवं वॉशरही महिनाभरच टिकेल, नळच बदलावा. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात वॉशर नसतं, सिरॅमिकच्या चकत्यांचं काडतूस असतं. त्याची दुरुस्ती होत नाही, बदलावं लागतं, आणि जुनं दाखवल्याशिवाय दुकानदाराला नवं देता येत नाही, कारण मुठीच्या दात्यांची संख्या प्रत्येक बनावटीची वेगळी.

अख्खा नळ बदलताना लक्ष द्यायची जागा एकच: भिंतीतला जोड. हल्लीच्या घरांत भिंतीत सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा पाइप असतो आणि त्याच्या टोकाला पितळी आट्यांचा एल्बो, म्हणजे काटकोनी जोड. नळ फिरवताना एल्बोही फिरला तर आत, प्लास्टरच्या मागे, त्याला चीर जाते. ती त्या दिवशी कळत नाही. दोन आठवड्यांनी भिंतीवर ओलीचा नकाशा उमटतो. तिथून पुढचं काम गवंड्याचं आणि तुमच्या खिशाचं. म्हणून मागे काही बाहेर आलेलं असेल तर ते एका पान्याने धरा, नळ दुसऱ्याने फिरवा. काहीच बाहेर आलेलं नसेल आणि नळ जाम असेल, तर जबरदस्ती नको.

टेफ्लॉन टेप नळाच्या आट्यांवर, आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून आठ-दहा वेढे द्या. उलटा गुंडाळला तर नळ बसवताना तो सुटत जातो. आणि हे सगळं करायच्या आधी टाकी साफ करा, नाहीतर माझ्यासारखं व्हायचं.

पंप: निदान आपलं, अर्धी दुरुस्तीही आपली

बागेचा पंप जूनमध्ये बंद होतो आणि नोव्हेंबरात पहिल्यांदा बटण दाबलं की नुसता गुणगुणतो, फिरत नाही. ताबडतोब बंद करा. असा मिनिटभर ठेवला तर वायंडिंग जळतं आणि शेकड्यातलं काम हजारांत जातं. मेन स्विच काढा. मागच्या पंख्याचं झाकण काढून पंखा हाताने फिरवून बघा. फिरत नसेल तर पावसाळ्यातल्या गंजाने पाणी ढकलणारा आतला पंखा चिकटला आहे; पाना लावून हळूहळू मागे-पुढे करा, बहुधा सुटतो. हाताने सहज फिरत असेल आणि तरी वीज दिल्यावर नुसता गुणगुणत असेल, तर संशय कपॅसिटरवर, म्हणजे मोटरला सुरुवातीचा धक्का देणाऱ्या भागावर. त्यावर मायक्रोफॅराडचा आकडा छापलेला असतो, तोच आकडा आणा. पण कपॅसिटर वीज बंद केल्यावरही भार धरून ठेवतो आणि चांगला झटका देतो, म्हणून ते बदलायचं काम मी वायरमनकडेच देतो. फोनवर त्याला "पंप चालत नाही" असं न सांगता "हाताने फिरतो, वीज दिली की गुणगुणतो" असं सांगितलं की तो कपॅसिटर खिशात घालूनच येतो. दोन फेऱ्यांची एक होते.

पंप फिरतो पण पाणी येत नाही, ही दुसरी तक्रार. पाइपात पाणी भरून बघा. भरलेलं पाणी थोड्या वेळात खाली उतरलं तर फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या विहिरीतल्या टोकाची एकतर्फी झडप, धरत नाही. त्यात पान किंवा काडी अडकलेली असते. पाणी उतरत नाही आणि तरी ओढत नाही, असं एप्रिल-मेमध्ये झालं तर पंपाला दोष देऊ नका, विहिरीत डोकावा. वर बसवलेला पंप पाणी ओढतो म्हणजे हवेच्या दाबावर वर आणतो. तो दाब कागदावर १०.३ मीटरपर्यंत पाणी चढवू शकतो, प्रत्यक्षात ७ मीटरच्या पुढे काही खरं नाही. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात त्याच्या खाली गेलं की नवा पंप आणूनही उपयोग नाही. पंप विहिरीतल्या खालच्या टप्प्यावर उतरवा किंवा पाण्यात बुडणारा घ्या. आमच्या वाडीत एकाने याच कारणासाठी दोन वर्षांत दोन पंप बदलले.

वीज: शोधा, पण हात लावू नका

जुलैत रात्री अडीचला घर काळोखात जातं आणि आरसीसीबी, म्हणजे गळती दिसली की वीज तोडणारं बटण, पुन्हा वर राहत नाही. त्याला दाबून धरायचा प्रयत्न करू नका. ३० मिलिअँपियरची गळती झाली तरी ते खटका पाडतं, आणि म्हणूनच आपण जिवंत असतो. खालचे सगळे एमसीबी, म्हणजे घरातल्या एकेका भागाची वीज वेगळी तोडणारे खटके, पाडा, आरसीसीबी वर करा. राहिलं तर एमसीबी एकेक करून चढवा. ज्याच्याबरोबर खटका पडेल त्या फांदीवर दोष. ती बंद ठेवा आणि झोपा. पावसाळ्यात गुन्हेगार बहुधा पडवीतला दिवा, पंपाची वायर किंवा गिझर यांपैकी एक असतो. सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडत असेल तर बहुतेक कुठे तरी न्यूट्रल ओलीने अर्थिंगला लागला आहे, कारण घरगुती एमसीबी बहुधा फक्त फेज तोडतो. वायरमनला हे एवढं सांगा. तो तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघेल आणि काम नीट करेल.

वायरमन परवानाधारकच हवा. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबत जा. दाबूनही पडलं नाही तर ते शोभेचं आहे, बदला.

दार आणि स्लॅब

पावसाळ्यात फुगलेलं दार रंधायचा मोह फार होतो. आवरा. जुलैत नीट बसेल इतकं रंधलं तर मार्चमध्ये फटीतून पाल आत येते. घासतं तिथे पेन्सिलने खूण करा, मेणबत्ती घासा, दिवस काढा. फेब्रुवारीत दार उतरवून त्या खुणेपुरतंच रंधा आणि मग दाराच्या डोक्याला आणि तळव्याला वॉर्निशचे दोन हात द्या. कारागीरही या दोन कडा कोऱ्या सोडतात, कारण त्या दिसत नाहीत, आणि लाकूड पाणी पितं ते तिथूनच. त्याआधी वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळून बघा. निम्मी दारं फुगलेली नसतात, नुसती लोंबलेली असतात.

स्लॅबचं थोडक्यात. जुन्या स्लॅबचे पापुद्रे पडत असतील, आतली गंजकी सळी दिसत असेल, तर वरून सिमेंट थापू नका. गंजलेलं लोखंड मूळच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त जागा व्यापतं आणि काँक्रीटला आतून फोडतं. थापलेलं सिमेंट ते पुन्हा फेकून देईल, मधल्या काळात दुखणं मात्र झाकलेलं राहील. खाडीची न धुतलेली वाळू वापरलेल्या स्लॅबांत हे लवकर सुरू होतं. तुमचं काम एवढंच: हातोडीच्या दांड्याने ठोकत जा, आवाज बद्द येतो तो भाग खडूने आखा, फोटो काढा, सिव्हिल इंजिनिअरला दाखवा. आखलेल्या भागाखाली पाळणा, खाट, काही ठेवू नका. गळतीसाठी वर पाणी तुंबवून बघायचा सल्ला सर्रास दिला जातो. एक इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला २५ किलो, हे लक्षात ठेवून तडा गेलेल्या स्लॅबवर तो प्रयोग करू नका. कोकणात स्लॅबवर पत्र्याची शेड का दिसते, याचं कोडं मला आता पडत नाही.

कारागीर ठरवताना

आधी फोटो. व्हॉट्सअॅपवर दोन पाठवा, एक लांबून, एक जवळून, जवळच्यात मापासाठी काडेपेटी ठेवा. यंत्र असेल तर त्याच्या पाटीचा तिसरा. मग वहीतली नोंद वाचून दाखवा. चांगला मिस्त्री लगेच दोन प्रश्न विचारतो. जो काही न विचारता आकडा सांगतो, त्याच्याबाबत मी सावध असतो.

काम उक्तं द्यायचं की रोजावर? मोजता येतं ते उक्तं: अख्ख्या पाख्याची शाकारणी, भिंतीचं प्लास्टर, खोलीचा रंग. शोधावं लागतं ते रोजावर: गळती, वायरिंगमधला दोष, तुंबलेला पाइप. शोधायचं काम उक्तं दिलं की माणूस घाईत असतो आणि पहिल्या संशयिताला फाशी देतो. रोजावर दिलं तर तुम्ही समोर थांबा, नाहीतर दुपारनंतर वेग मंदावतो. जेवणासकट की बिनजेवणाचं, एसटीचं भाडं कोणाचं, मदतनीस एक की दोन, माल कोण आणणार, निघालेला राडारोडा कोण उचलणार, हे आधी बोला. पैशांवरून जितके वाद होत नाहीत तितके या बारीकसारीक गोष्टींवरून होतात. माल शक्यतो स्वतः आणा, पण यादी त्याच्याकडून घ्या आणि "अजून काय लागू शकतं" हे दोनदा विचारा.

आगाऊ रक्कम मालापुरती. घासाघीस करायची ती आधी. काम झाल्यावर पैसे कापणाऱ्याकडे पुढच्या मे महिन्यात कोणी येत नाही, आणि वाडीत ही बातमी तुमच्या आधी पोचते. छपराच्या कामात पागोळीकडच्या दोन ओळी तारेने बांधून घ्या, तार तांब्याची किंवा स्टेनलेसची. बांधणीची साधी तार गंजून जाते आणि वारा पहिला हात तिथेच घालतो.

छपराच्या कामाचे शंभरातले दहा रुपये मी पावसापर्यंत राखून ठेवतो. हे सुरुवातीलाच सांगितलेलं असतं, त्यामुळे कोणी रागावत नाही. पाकिटावर रक्कम घालून ते वहीत ठेवतो. मृगाच्या दोन-तीन दणक्यांनंतर मिस्त्री स्वतःच येतो. ओटीवर टेकतो, चहा घेतो, पण त्याआधी मान वर करून वाशांवरून एकदा नजर फिरवतो. गेल्या वर्षी माजघराच्या कोपऱ्यात रुपयाएवढी ओल होती. मी पाकीट पुढे केलं तर त्याने ते घेतलं नाही. "उघडीप पडली की येतो," म्हणाला, "कितवी ओळ ते तेवढं मोजून ठेवा."